दोन्ही पेडल दाबलेली असताना

धावत्या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबले गेले, तर इंजिनाने कोणाचे ऐकायचे? माझी नोकरी बरीचशी या एका प्रश्नाची आहे. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कंपनीत मी परदेशी स्पोर्ट्स गाड्यांच्या इंजिन कंट्रोलरचे सॉफ्टवेअर तपासतो. चार-पाचशे अश्वशक्तीच्या या गाड्या चार सेकंदांच्या आसपास शंभराचा वेग गाठतात. प्रत्यक्ष गाडी आमच्या वाट्याला क्वचित येते. बहुतेक वेळ समोर असतो तो टेबलावरचा कंट्रोलर, तारांचा गुंता आणि पडद्यावर सरकणारे आलेख.

मी मूळचा केमचा. करमाळा तालुक्यातले हे गाव सोलापूर–दौंड रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या मध्ये येते. उत्तरेश्वराचे देऊळ आणि कुंकवाचे कारखाने ही त्याची ओळख. गावात मी कधी स्पोर्ट्स कार पाहिली नाही. तरी वर विचारलेल्या प्रश्नाचे पहिले नीट उत्तर मला तिथेच मिळाले, आणि त्याहून चांगले उत्तर मला पुढेही फारसे कोणी दिले नाही.

मी शाळेत असताना आमच्या भागात वडापच्या, म्हणजे सवाऱ्या भरून नेणाऱ्या, जीपगाड्या जोरात चालत. दहावीच्या सुट्टीपासून मी स्टेशनकडच्या एका गॅरेजवर हाताखाली काम करायचो. तिथे येणाऱ्या जीपगाड्यांचे नेहमीचे दुखणे म्हणजे रेस अडकणे. पेडलपासून डिझेलच्या पंपापर्यंत जाणारी पोलादी वायर आपल्या नळीत धुळीने आवळायची, तिचे धागे तुटून आतच गुंतायचे, नाहीतर मागे ओढणारी स्प्रिंग ढिली पडायची. स्प्रिंगच्या जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली जीपही आमच्या दारात उभी राहिलेली मी पाहिली आहे. पाय उचलला तरी रेस खाली येत नाही, आणि आत माणसे दाटीवाटीने बसलेली. गॅरेजचे अण्णा वायर बदलून झाल्यावर ड्रायव्हरला लगेच सोडत नसत. आधी त्याच्याकडून वदवून घेत.

“रेस अडकली तर पैलं काय करायचं?”

ड्रायव्हर म्हणे, “बिरेक.”

“बिरेक मारच. पर संगट क्लच दाब. इंजनाला चाकापासनं तोड. मग न्यूट्रल कर, मग स्टॉपर वढ. इंजन बोंबललं तर बोंबलू दे, माणसं वाचली पायजेत.”

जुन्या डिझेल जीपमध्ये नुसती चावी फिरवून इंजिन बंद होत नसे. डॅशबोर्डखालचा स्टॉपर ओढून पंपाचे डिझेल तोडावे लागे. घाबरलेल्या माणसाला एवढ्या गोष्टी सुचत नाहीत, म्हणून अण्णा त्या पाठ करून घेत. इंजिन ओढत असताना ब्रेकला त्याच्याशी झुंजायला लावू नका, आधी इंजिनाला बाजूला काढा, हे त्यांचे सांगणे. आज मी जे सॉफ्टवेअर तपासतो त्याचे कामही हेच आहे. फक्त या गाड्यांत बहुतेक वेळा क्लचचे पेडलच नसते, स्टॉपर नसतो, आणि अण्णांनी ड्रायव्हरकडून पाठ करून घेतलेले काम कंट्रोलरला अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर करायचे असते.

आजच्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत वायर जात नाही. पेडलच्या मुळाशी दोन सेन्सर असतात. दोघेही त्याच पेडलचा कोन मोजतात, पण वेगवेगळ्या प्रमाणात. पुष्कळ गाड्यांत एकाचे व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मे ठेवलेले असते. त्यामुळे दोन्ही तारा कुठे एकमेकींना चिकटल्या तर आकडे सारखे होतात आणि खोट तत्काळ उघडी पडते. कंट्रोलर हे आकडे वाचतो, चालकाला किती जोर हवा आहे ते ठरवतो आणि इंजिनाच्या तोंडाशी असलेली हवेची झडप, म्हणजे थ्रॉटल, एका छोट्या मोटरने तेवढी उघडतो. झडपेलाही दोन सेन्सर असतात, आणि वीज गेली तर तिला जवळजवळ मिटवणाऱ्या स्प्रिंगा. 1987 च्या बीएमडब्ल्यू 750 मध्ये ही पद्धत होती, 1997 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये ती आली, आणि मग हळूहळू साध्या गाड्यांतही.

या सगळ्यावर पहारा ठेवण्यासाठी जर्मन वाहन कंपन्यांनी मिळून एक रचना ठरवली, ती आता या धंद्यात सगळीकडे वापरली जाते. तिच्यात तीन थर आहेत. पहिला थर इंजिन चालवतो. दुसरा थर स्वतःचे वेगळे गणित मांडून पाहतो, की चालकाने मागितला त्यापेक्षा जास्त जोर इंजिन देत तर नाही ना. तिसऱ्या थरात एक स्वतंत्र चिप मुख्य प्रोसेसरला सतत प्रश्न विचारत राहते. उत्तर चुकले किंवा उशिरा आले, की इंजिनाचा जोर तोडला जातो. मला ही रचना पहिल्यांदा समजावून सांगितली गेली तेव्हा मनाला फार बरे वाटले होते. कोणीतरी आधीच गृहीत धरले होते की यंत्र चुकेल, आणि त्या चुकीचा बंदोबस्त यंत्राच्या आतच केला होता.

ब्रेक दाबल्यावर थ्रॉटल तोडण्याची सोय मात्र सगळ्या कंपन्यांनी सुरुवातीपासून दिली नव्हती. काही युरोपीय गाड्यांत ती आधीपासून होती, बाकीच्यांपैकी अनेकांना ती एका अपघाताने शिकवली. 28 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एक लेक्सस ईएस 350 भरधाव गेली आणि तिच्यातले चौघेही मरण पावले. गाडी चालवणारा महामार्ग पोलिसांतला अनुभवी अधिकारी होता. त्याची स्वतःची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून विक्रेत्याने त्याला ही तात्पुरती दिली होती. तिच्यात दुसऱ्या मॉडेलचे जाड रबरी मॅट टाकलेले होते आणि ॲक्सिलरेटरचे पेडल त्याच्यात अडकले. तपासणीत ब्रेक जळून गेलेले आढळले. म्हणजे माणसाने ब्रेक दाबला होता, आणि बराच वेळ दाबला होता. पुढे टोयोटाने लाखो गाड्या परत बोलावल्या. इलेक्ट्रॉनिक्समध्येच दोष आहे का, हे अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांकडूनही तपासून घेतले. फेब्रुवारी 2011 मधल्या त्यांच्या अहवालात तसा दोष सापडल्याचे म्हटलेले नाही. त्यानंतरही न्यायालयांत वाद चालूच राहिले. मला त्या प्रकरणातली एक गोष्ट कधी विसरता येत नाही: पेडल मॅटमध्ये अडकले होते, सेन्सर खरा आकडा सांगत होते, कंट्रोलर त्या आकड्याप्रमाणे बरोबर वागत होता. तिन्ही थरांच्या पहाऱ्याला इथे पकडण्यासारखे काहीच नव्हते. ब्रेक दाबलेला आहे ही एकच खूण उरली होती, आणि त्या गाडीला ती खूण वाचायला शिकवलेले नव्हते.

केमला गेलो की मी नातेवाइकांच्या गाड्यांत वाकून मॅट बघतो. आमच्याकडे नवी गाडी आली की कंपनीच्या मॅटवर दुसरे जाड कार्पेट, त्यावर प्लास्टिक, वर कधी गोणपाटाचा तुकडा असे थर चढतात, कारण पाय शेतातल्या चिखलाचे असतात आणि गाडीवर जीव असतो. चालकाच्या बाजूचे मॅट त्याच्या हुकाला अडकवलेले हवे आणि एकच हवे, हे मी सांगतो. पहिल्यांदा ते कोणालाच पटत नाही. सॅन डिएगोची गोष्ट सांगितली की पटते.

दाबलेला ब्रेक पुरा का पडत नाही, असे लोक विचारतात. साध्या गाडीत तो बऱ्याचदा पुरा पडतो. अमेरिकेतल्या ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने 2009 मध्ये हे करून पाहिले होते. व्ही-6 इंजिनाची टोयोटा कॅमरी ताशी सुमारे 112 किलोमीटर वेगात, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला ठेवून ब्रेक मारल्यावर 190 फुटांत थांबली. ॲक्सिलरेटर सोडून ती 174 फुटांत थांबायची. सोळा फुटांचा फरक. पण त्यांनीच 540 अश्वशक्तीची एक फेरफार केलेली मस्टँगही घेतली होती. ताशी 160 च्या वेगावरून तिला आवरायला सुमारे नऊशे फूट लागले. स्पोर्ट्स गाडीचा प्रश्न इथे वेगळा होतो. वेग दुप्पट झाला की गाडीत साठलेली ऊर्जा चौपट होते, त्यात इंजिन वरून भर घालत राहते, आणि ब्रेकच्या चकत्या ती सगळी उष्णता सोसू शकत नाहीत.

दुसरी अडचण दिसत नाही म्हणून जास्त घातक. बहुतेक पेट्रोल गाड्यांत पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला जोर मिळतो तो इंजिनाच्या निर्वात पोकळीतून. झडप पूर्ण उघडी असली की ही पोकळी जवळजवळ नाहीशी होते. बूस्टरमध्ये साठा असतो, तो एक-दोन दाबांना पुरतो. घाबरलेला माणूस ब्रेक सोडून पुन्हा दाबतो, पुन्हा सोडतो, आणि प्रत्येक दाबागणिक पेडल दगडासारखे कठीण होत जाते. त्याला वाटते ब्रेक फेल झाले. अण्णा ड्रायव्हरांना सांगत, “बिरेक पंप करू नगं, एकदाच दाब आन् धरून ऱ्हा.” डिझेल जीपच्या बूस्टरला पोकळी वेगळ्या पंपातून मिळते, त्यामुळे तिथे कारण थोडे वेगळे असेल, पण सल्ला आजच्या पेट्रोल गाडीलाही तंतोतंत लागू आहे.

थ्रॉटल तोडणे म्हणून एवढे महत्त्वाचे. आणि इथूनच माझे खरे काम सुरू होते, कारण ‘ब्रेक दाबला की जोर तोडा’ हे वाक्य जेवढे सरळ वाटते तेवढे ते सॉफ्टवेअरमध्ये सरळ उतरत नाही. ते मला कार्टवर वाढलेल्या एका चालकाने दाखवून दिले.

कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टमध्ये क्लचचे पेडल नसते. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर. लहानपणापासून कार्ट चालवलेल्या मुलांचा डावा पाय ब्रेकवर इतका हलका आणि नेमका चालतो की आपल्याला विश्वास बसत नाही. कार्टमधून आलेल्या अशा एका तरुण चालकाबरोबर मला पिथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्रावर काम करायला मिळाले. तिथला 11.3 किलोमीटरचा लांबोळा हाय-स्पीड ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला. आमचे काम मात्र त्याच्या शेजारच्या वळणावळणांच्या ट्रॅकवर होते. तो पहिल्या फेरीनंतर उतरला तोच रागाने. “सर, वळणात शिरताना गाडी मरते. मी ब्रेक जरासा घासत ठेवतो, गॅस थोडा धरून ठेवतो, आणि तुमचा कंट्रोलर मधेच जोर काढून घेतो. बाहेर पडताना टर्बो पुन्हा जागा व्हायला वेळ लागतो.”

त्याची तक्रार खोटी नव्हती. जगभरचे रॅली आणि ट्रॅकवरचे चालक हेच म्हणतात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत डाव्या पायाने हलका ब्रेक लावून तोंड वळवता येते. टर्बोच्या गाडीत थोडा गॅस धरून ठेवला तर टर्बाइन फिरत राहते. त्या मुलाचे दोन्ही पाय दोन्ही पेडलांवर होते आणि दोन्ही त्याच्या ताब्यात होते. सॅन डिएगोच्या त्या गाडीतही दोन्ही पेडल दाबलेली होती. कंट्रोलरला या दोघांतला फरक कसा कळायचा? त्याला चालकाचा चेहरा दिसत नाही, मागच्या सीटवरचा आरडाओरडा ऐकू येत नाही. त्याच्याकडे फक्त काही व्होल्टेज असतात, त्यांचा क्रम आणि त्यांच्यामधला वेळ.

मग क्रम, वेळ आणि जोर यांतूनच हेतू ओळखायचा. टोयोटाने 2010 नंतर दिलेल्या सोयीत ॲक्सिलरेटर आधी आणि ब्रेक नंतर असा क्रम लागतो, ब्रेक घट्ट दाबलेला लागतो, तो अर्ध्या सेकंदाहून जास्त टिकलेला लागतो आणि गाडी ताशी आठ किलोमीटरपेक्षा वेगात असावी लागते. ब्रेक आधी आणि ॲक्सिलरेटर नंतर, हा क्रम तिथे मोकळा सोडला आहे. त्यामुळे गिअर उतरवताना टाचेने ॲक्सिलरेटरला दिलेला झटका चालतो, चढावर गाडी ब्रेकवर धरून पुढे काढणे चालते. क्रमामागचा विचार मला सुंदर वाटतो. अडकलेले पेडल नेहमी आधी अडकते. माणूस ब्रेककडे त्यानंतर धावतो. ब्रेकवर पाय असताना जो ॲक्सिलरेटर दाबतो, तो बहुधा काहीतरी ठरवून करत असतो.

‘बहुधा’ या शब्दावर आमच्या बैठका तासन्‌तास चालतात.

टेबलावर हे तपासताना खरा कंट्रोलर एका संगणकाला जोडलेला असतो आणि संगणक त्याला भासवतो की आपण गाडीत आहोत, चाके फिरताहेत, रस्ता ओला आहे. मध्ये ब्रेकआउट बॉक्स असतो. त्यातून मी कोणतीही तार तोडू शकतो, कोणत्याही दोन तारा जोडू शकतो. पेडलचा सेन्सर सत्तर टक्क्यांवर गोठवायचा, ताशी 180 वेग ठेवायचा, मग ब्रेकचा दाब वाढवायचा, आणि आलेखावर जोराची रेघ कधी खाली वळते ते मिलिसेकंदात मोजायचे. मग तेच 20 च्या वेगावर. मग ब्रेक आधी लावून. मग ब्रेकचा दाब इतका हलका ठेवून की नियमाच्या उंबरठ्यावर तो डळमळत राहील. कंटाळवाणे काम आहे असे बाहेरून वाटते. मला ते कधी कंटाळवाणे वाटले नाही, कारण चाचणीतल्या प्रत्येक ओळीच्या मागे मला एक पाय दिसतो. बुटातला, चपलेतला, पावसात भिजलेला.

स्पोर्ट्स गाडीत आणखी एक पेच असतो. वळणात मध्यावर असताना जोर एकदम काढला तर गाडीचे वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात आणि शेपूट सुटते. मागे इंजिन असलेल्या गाड्यांची या बाबतीतली ख्याती जुनी आहे. वाचवण्यासाठी ठेवलेली सोयच गाडीला गरगर फिरवू शकते. म्हणून जोर कापायचा तो उताराने, एखाद्या दशांश-दोन दशांश सेकंदांत खाली आणत, स्टिअरिंगचा कोन आणि आडवा जोर बघत, आणि चाके घसरू लागली तर त्या उताराचा कोन बदलत. हा उतार किती तीव्र ठेवायचा हे ठरवताना मी त्या कार्टवाल्या मुलाचा सल्ला सर्वांत जास्त घेतला. आधी रागावलेला तो, पण गाडीचे वजन कधी आणि कुठे सरकते हे त्याला आमच्या सेन्सरांच्या बरोबरीने कळत होते.

त्याच्या मूळ तक्रारीवर मात्र आमचे एकमत झाले नाही, आणि मी माझ्या मतावर आजही ठाम आहे. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ब्रेकचा शब्द शेवटचा असला पाहिजे. ट्रॅकसाठी वेगळी अवस्था द्यायची असेल तर द्या, पण ती चालकाने दरवेळी जाणूनबुजून निवडावी, आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की आपोआप निघून जावी. मुंबईतल्या एखाद्याने ती गाडी ट्रॅकवर नेली, मग त्याच दिवशी त्याच्या भावाने ती एक्स्प्रेसवेवर घेतली, तर त्या भावाला आधीच्या अवस्थेचा पत्ता नसतो. कुशल चालकाचे वळणातले दोन-तीन दशांश सेकंद आणि अनोळखी चालकाचा जीव यांत निवड करायची तर मला विचार करावा लागत नाही. त्या मुलाने शेवटी एवढेच म्हटले, “सर, मग मला आधी सांगा तरी की गाडी असं करणार आहे.” हे त्याचे शंभर टक्के खरे होते. ही गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरात कुठेतरी दडलेली असते, विकणारा सांगत नाही, आणि चालकाला ती पहिल्यांदा कळते ती गाडी त्याच्या मनाविरुद्ध वागते तेव्हा.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत हा विचार जास्त कठोरपणे मांडलेला आहे. विजेवरच्या रेसकारमध्ये ब्रेक लागलेला असताना ॲक्सिलरेटर 25 टक्क्यांच्या वर असेल तर मोटरचा जोर तुटला पाहिजे, आणि ॲक्सिलरेटर 5 टक्क्यांच्या खाली येईपर्यंत तो परत मिळता कामा नये, मग ब्रेक सोडलेला असो वा नसो. पाय पूर्ण उचलला, म्हणजे माणूस भानावर आहे, एवढाच पुरावा ते मागतात. त्याशिवाय जोरदार ब्रेक आणि मोटरला जाणारा जोर एकत्र दिसले की अर्ध्या सेकंदात सगळेच बंद करणारे एक सर्किट लागते, आणि त्यात प्रोग्रॅम चालत नाही. ते साध्या भागांनी, तारांनी जोडलेलेच हवे. कॉलेजात असताना आम्ही असे सर्किट बांधले होते. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत भरते, तिथे परीक्षक हे सर्किट तपासून पाहतात. हे सर्किट आणि अण्णांचा स्टॉपर मला एकाच कुळातले वाटतात: कितीही हुशार यंत्रणा असो, तिच्या बाहेर एक मुकी, खात्रीची तोडणी हवी.

कधी कधी दोन्ही एकदम दाबणे हेच बरोबर असते. स्पोर्ट्स गाडी उभी असताना डाव्या पायाने ब्रेक, उजव्याने पूर्ण ॲक्सिलरेटर, मग ब्रेक सोडला की गाडी सुटते. या लाँच कंट्रोलसाठी गिऱ्हाईक पैसे मोजते. तेच दोन सिग्नल, फक्त वेग शून्य. आणि आमच्या रानात ट्रॅक्टर घ्या. त्याला पायाच्या रेसशिवाय हाताची रेस असते, ती जिथे ठेवाल तिथे राहते. मळणी यंत्र किंवा पाण्याचा पंप चालवताना इंजिनाचा वेग ब्रेकच्या भानगडीत न पडता स्थिर राहायलाच हवा. पण तोच ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन उताराला लागतो तेव्हा हाताची रेस तशीच राहिलेली असते, आणि ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहतो. गळीत हंगामात करमाळा-माढ्याच्या रस्त्यांवर हे पाहताना माझा जीव वरखाली होतो. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर नाही, आहे तो फक्त हात मागे घेण्याचा सराव.

ब्रेक लागला हे कंट्रोलरला कळते कसे, यावरही बरेच अवलंबून आहे. जुन्या-नव्या असंख्य गाड्यांत ते ब्रेक लाइटच्या स्विचवरून कळते. त्यात दोन उलट संपर्क असतात, एक जुळतो तेव्हा दुसरा सुटतो, म्हणजे पुन्हा तीच एकमेकांची साक्ष. महागड्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचा दाबही मोजतात. मध्यंतरी केमहून दाजींचा फोन आला. “पाव्हणं, गाडी वडतच न्हाई. रेस दाबतूय आन् जागच्या जागी डुलतीय. मेस्त्री म्हणतूय पंप गेला.”

मी म्हटले, “दाजी, पंपाला हात लावू देऊ नका. कुणाला तरी मागं उभं करा आणि बघायला सांगा, तुम्ही ब्रेक सोडल्यावर लाल दिवा विझतो का.”

दिवा विझत नव्हता. ब्रेक पेडलवरचा एक चिमूटभर आकाराचा रबरी थांबा उन्हाने कुजून पडला होता, स्विचचा दांडा त्या भोकातून आरपार जात होता, आणि गाडी समजत होती की ब्रेक सतत दाबलेला आहे. ती आपल्या परीने अगदी बरोबर वागत होती. नवा रबरी थांबा बसवला आणि गाडी चालू लागली. अशा गाड्या आता तालुक्यातालुक्यांत आहेत, पण त्यांच्या आतला हा विचार आपल्या मिस्त्रींपर्यंत कोणी पोहोचवत नाही. ते हुशार आहेत, हाताला कसब आहे. त्यांना मराठीत, गाडी समोर ठेवून हे दाखवणारा हवा. कंपन्यांचे प्रशिक्षण अधिकृत वर्कशॉपच्या दारापाशी संपते, आणि खेड्यातल्या गाड्या त्या दारापर्यंत वॉरंटी संपल्यावर जात नाहीत.

ब्रेक दाबल्यावर थ्रॉटल तोडणाऱ्या या सोयीची एक मर्यादा मी कोणालाही आधी सांगतो. ती तेव्हाच चालते जेव्हा पाय ब्रेकपर्यंत पोहोचतो. ब्रेक समजून माणसाने ॲक्सिलरेटर दाबला, तर कंट्रोलरला एकच पेडल दिसते आणि तो आज्ञा पाळतो. अमेरिकेत 1980 च्या दशकात ऑडी 5000 गाड्या आपोआप धावतात असा गदारोळ झाला; सरकारी तपासाचा 1989 चा निष्कर्ष असा होता की बहुतेक वेळा चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर होता. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात बेस्टची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली आणि माणसे गेली. चालकाला अशा स्वयंचलित बसचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न तेव्हा पुढे आला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. मी एवढे जाणतो की आयुष्यभर क्लचच्या गाडीवर बसलेल्या माणसाचा डावा पाय संकटात क्लच शोधतो, आणि विजेच्या गाडीत मोटरचा जोर पाय ठेवताक्षणी मिळतो. थ्रॉटल तोडणारे कोणतेही सॉफ्टवेअर सरावाची जागा घेऊ शकत नाही. नवे काही उपाय येत आहेत, समोर भिंत असताना ॲक्सिलरेटर दणकन दाबला तर जोर रोखणारे. त्यांचे मी स्वागत करतो, पण त्यांच्याही आधी चालकाला त्या गाडीवर बसवून मोकळ्या मैदानात शिकवणे स्वस्त आहे आणि खात्रीचे आहे.

सध्या आमच्या टेबलावर पुढचा प्रश्न आला आहे. आजवर ॲक्सिलरेटर विजेचा असला तरी ब्रेक तेलाचा होता. पाय आणि चाक यांच्यात काहीतरी घट्ट जोडलेले होते. आता काही गाड्यांत ब्रेकचे पेडलही विजेवर बोलते. 2020 च्या कॉर्व्हेटमध्ये ते आहे, त्याआधी आल्फा रोमिओच्या जुलियामध्ये आले. पेडलखाली स्प्रिंग आणि सेन्सर, आणि दाब तयार करते ती मोटर. या गाड्यांत वीज गेली तर पायाचा जोर तेलातून थेट चाकांपर्यंत नेणारी जुनी वाट राखून ठेवलेली असते. ती वाट काढून टाकून वजन आणि पैसे वाचवण्याचा मोह पुढे वाढेल, हे मला दिसते. आमच्याकडे एखाद्या नव्या प्रकल्पाचा मसुदा आला की मी आधी ते पान उघडतो: दोन्ही पेडल नुसती व्होल्टेज झाली, आणि दोन्ही व्होल्टेज एकाच दोषाने बिघडली, तर गाडी कशाने थांबणार आहे. त्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत मी तपासणीच्या कागदावर सही करत नाही.